मासळीची पिकअप: घरी काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ससून डॉकवरून पहाटे मासळी भरायची आणि बोरिवलीपर्यंत पोचवायची, त्यासाठी तुम्ही 2009 ची बोलेरो पिकअप सेकंडहँड घेतली आहे. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा चढतो, फ्लायओव्हरवर काळा धूर येतो, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि हेडलाइटचा उजेड मेणबत्तीसारखा पिवळा पडलाय. दर वेळी गॅरेजचं बिल परवडत नाही, म्हणून सोमवारी सोसायटीच्या आवारात स्वतः कामं करायची तुमची तयारी आहे. शिवाय एलईडी लावायचे, मागे दोन पाटे (गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या) वाढवायचे आणि हौद्यात, म्हणजे माल भरायच्या भागात, अ‍ॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट बसवायची, हेही मनात आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत.

भाऊ, तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक शब्द कुठेच आला नाही: गंज. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. मी 27 वर्षं याच कामात आहे, त्यातली बरीचशी शिवडी आणि माझगावच्या बाजूला, म्हणजे धक्क्याच्या गाड्या हाताखालून भरपूर गेल्या. मासळीची गाडी इंजिनने क्वचितच मरते. ती खालून मरते. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या सांध्यातून चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून वरून सुकलेला दिसणारा पत्रा आतून ओलाच राहतो. मुंबईची दमट हवा त्याला मदतच करते. फर्निचर किंवा किराणा वाहणारी तेवढीच जुनी पिकअप आणि तुमची पिकअप यांचं वय कागदावर सारखं असेल, चेसीचं नसतं.

काही गोष्टी गाडी न बघता सांगता येत नाहीत, त्या आधीच मान्य करतो. तुमच्या आधीच्या मालकानेही मासळीच वाहिली की दुसरं काही, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही डिझेलचा पंप मेकॅनिकल आहे असं लिहिलंय, म्हणजे जुनं 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, म्हणून मी तेच धरून बोलतोय. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलेंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत, असती तर डिझेलच्या पाइपाला पानासुद्धा लावू नका, असं एका ओळीत सांगितलं असतं. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो आणि तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं.

आता काय स्वतः करायचं आणि काय नाही. कोण किती हुशार आहे किंवा काम किती अवघड आहे, यावर मी ते ठरवत नाही. काम चुकलं तर काय होईल, एवढंच बघतो. फॅन बेल्ट चुकीचा बसला तर गाडी रस्त्यात बंद पडेल, तुम्ही वैतागाल, टोइंगचे पैसे जातील. व्हील सिलेंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा भाग, चुकीचा बसला तर गाडी थांबणार नाही. पहिल्या प्रकारची कामं बिनधास्त करा, दोनदा चुकलात तरी तिसऱ्यांदा शिकाल. दुसऱ्या प्रकारची कामं जाणकार माणूस शेजारी उभा असल्याशिवाय करायची नाहीत, मग ती कितीही सोपी वाटोत. ब्रेक, स्टिअरिंग, पाटे आणि चेसी या चार गोष्टी दुसऱ्या रांगेत येतात. बाकी जवळजवळ सगळं पहिल्या रांगेत.

त्यामुळे पहिला सोमवार दुरुस्तीचा धरू नका, तपासणीचा धरा. हौदा रिकामा करून, धुऊन गाडी कोरडी होऊ द्या. मग अर्धा किलोची हातोडी, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि चांगली टॉर्च घेऊन खाली जा. गाडी जॅकवर चढवायची गरज नाही, पिकअपखाली चटई टाकून तशीच सरकता येतं. चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्या केबिनच्या मागून शेवटपर्यंत हातभर अंतराने ठोकत जा. धड लोखंड टणटणीत वाजतं आणि हातोडी उडते. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी तिथेच बसते आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात. चष्मा लावा. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरचा तपकिरी थर खरवडला आणि खाली चकचकीत लोखंड दिसलं तर काळजी नाही. टोक आत रुतलं तर तिथे खडूने गोल करा.

तीन जागा विशेष बघा. मागचे पाटे जिथे चेसीला टांगतात ते हँगर, कारण तिथल्या कपारीत चिखल आणि मीठ वर्षानुवर्षं बसतं. हौदा चेसीवर जिथे टेकतो त्या आडव्या पट्ट्या. आणि मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप, जो चेसीला क्लिपांनी धरलेला असतो. या पाइपाचं मला फार वाटतं. क्लिपेच्या खालीच तो गंजतो, वरून दिसत नाही, आणि ज्या दिवशी जोरात ब्रेक मारायची वेळ येते त्याच दिवशी दाबाने फुटतो. क्लिप हळूच सरकवून खाली बघा. पाइपाला फोड आल्यासारखा दिसला तर तो बदलायचाच, घासून रंग लावून चालणार नाही.

हँगरपाशी किंवा चेसीच्या पट्टीत स्क्रू ड्रायव्हर रुतला, तर पुढचं सगळं थांबवा. ते काम चेसीचं वेल्डिंग रोज करणाऱ्याकडेच जाईल. पॅच कसा मारायचा, किती लांब घ्यायचा, कुठे वेल्ड मारायचाच नाही, हे त्याला माहीत असतं. चेसीच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला कोणाला भोक पाडू देऊ नका, सगळा ताण तिथेच असतो. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड उडतात.

चेसी धड निघाली, तर गंज थोपवायचं काम संपूर्ण तुमचं. तारेच्या ब्रशने खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण दोन दिवस सुकू द्या, मग रस्ट कन्व्हर्टर (गंजाला टणक थर बनवणारं रसायन), त्यावर प्रायमर, आणि शेवटी अंडरबॉडी कोटिंग. घाई होते ती सुकवण्यात. ओल्या गंजावर डांबरासारखं कोटिंग मारलं की मीठ आणि पाणी आत कोंडतं आणि पत्रा कोटिंगच्या आडून कुजत राहतो. बाहेरून मात्र गाडी काळी कुळकुळीत दिसते. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे यातच करा, पावसाळ्यात नाही. काही जण चेसीला जळकं ऑइल फासतात. मी ते करू देत नाही. ऑइलने पाट्यांचे आणि शॉकअपचे रबरी बुश फुगतात, ब्रेकवर ओघळतं, आणि उरलेलं गटारात जातं.

रोजची एक सवय मात्र या सगळ्या रंगापेक्षा जास्त आयुष्य देते. माल उतरला की पाइप लावून हौदा आतून आणि चेसी खालून गोड्या पाण्याने धुवायची. दहा मिनिटं लागतात. हौद्याची पाणी जायची भोकं खवल्यांनी आणि थर्माकोलच्या तुकड्यांनी बुजतात, ती तारेने मोकळी करा.

आता ब्रेक. गाडी डावीकडे ओढते म्हटल्यावर बहुतेक जण डाव्या चाकाकडे बघतात. माझा अनुभव असा की जास्त वेळा दोषी उजवं चाक असतं. डाव्याचा ब्रेक बरोबर लागतोय आणि उजव्याचा लागतच नाही, म्हणून गाडी डावीकडे वळते. तपासणी सोपी आहे. आधी दोन्ही पुढच्या टायरांची हवा सारखी करा, कारण निम्म्या वेळा गोष्ट तिथेच संपते. मग रिकाम्या रस्त्यावर सात-आठ वेळा ब्रेक मारून गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही रिमांजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. जे चाक थंड, त्याचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, काम करत नाही. खाऱ्या पाण्याच्या गाडीत पिस्टन गंजून अडकतो किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून जाम होतात. याउलट एक चाक असह्य तापलेलं असेल, ब्रेक सोडल्यावरही फिरवायला जड जात असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. त्यात रबरी होज आतून सुजून बंद झालेला असू शकतो. बाहेरून तो नवा दिसतो, म्हणून भलेभले फसतात.

मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले तर मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे मेकॅनिकजवळ उभे राहिलात की तुम्हालाही दिसेल. ड्रम निघाला की आत काळी भुकटी असते. ती तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसायचं. मग व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकांना जी रबरी टोपी असते, तिची कड नखाने उचलायची. आत कोरडं असेल तर ठीक. बोट ओलं झालं तर आतलं सील गेलंय, आज थेंब आहे, महिन्याने लायनर भिजेल. लायनर आधीच भिजून काळा, चकचकीत झाला असेल तर वासावरून ओळखा. गियर ऑइलचा वास गंधकासारखा उग्र असतो. तो आला म्हणजे दोष ब्रेकचा नाही, अ‍ॅक्सलचं सील गळतंय. ते न बदलता नुसते नवे लायनर टाकणाऱ्याकडे परत जाऊ नका.

ब्रेक ऑइलबद्दल मुंबईत राहणाऱ्याने जास्तच काळजी घ्यायला हवी. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 3 ऑइलचा उकळण्याचा बिंदू किमान 205 अंश असतो, त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो 140 पर्यंत येतो. डॉट 4 मध्ये तेच आकडे 230 आणि 155 आहेत. भरलेली गाडी घेऊन घोडबंदरच्या उतारावर ब्रेक दाबत आलात, की ते पाणी आत वाफ होतं आणि पेडल थेट खाली जातं. थंड झाल्यावर पेडल पुन्हा ठीक लागतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्यालाच भास झाला. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, आणि महिनोन्‌महिने उघड्या पडलेल्या डब्यातलं ओतू नका. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या.

ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचं काम मी शिकणाऱ्यांना माझ्यासमोर करायला लावतो, कारण त्यात दोन माणसांचा ताल लागतो. एक सीटवर, एक चाकापाशी. चाकापाशी असलेला म्हणतो "दाब", सीटवरचा पेडल दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. मग निपल (हवा सोडायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येतात, निपल घट्ट करायचा, आणि त्यानंतरच "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा परत आत. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून (पेडलला जोडलेला मुख्य सिलेंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. वरची टाकी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही. एकदा जाणकाराबरोबर हे केलंत की पुढे घरच्या माणसाला हाताशी घेऊन जमेल.

काटा चढतो त्याबद्दल तुम्ही एक चांगली खूण दिलीत: ट्रॅफिकमध्ये चढतो, हायवेवर मोकळ्या रस्त्याला उतरतो. हे उलट असतं, म्हणजे वेगात आणि चढावर तापत असती, तर मी रेडिएटर आतून चोंदलाय असं म्हटलं असतं. उभ्या गाडीत तापते म्हणजे हवा कमी पडतेय. आधी रेडिएटरच्या पुढच्या जाळीत बघा, पिसं, प्लॅस्टिक, माती अडकलेली असते. इंजिनच्या बाजूकडून पुढे, असा पाण्याचा हलका मारा करा, प्रेशर वॉशरने नाही, त्याने पाती दुमडतात. मग बेल्टचा ताण. मग फॅन. तुमच्या गाडीला व्हिस्कस कपलिंगचा (गरम झाल्यावर घट्ट पकडणाऱ्या जोडाचा) फॅन असेल तर इंजिन गरम असताना बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, आणि फॅन हाताने फिरवा. थोडा जड फिरला पाहिजे. गरगर दोन-तीन फेऱ्या फिरला तर कपलिंग गेलं. हे तुम्ही स्वतः बदलू शकता.

रेडिएटरची कॅप गरम इंजिनवर उघडू नका. कॅपमुळे आत दाब राहतो, म्हणून आतलं पाणी 100 ला न उकळता 120 च्या आसपास उकळतं. कॅप सैल केली की दाब जातो, सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या गॅरेजमधल्या एका पोराचा हात खांद्यापर्यंत भाजला होता, तेव्हापासून माझ्याकडे इंजिन तासभर थंड झाल्याशिवाय कॅपला कोणी हात लावत नाही. त्याच कॅपचं रबर चिरलं तर इंजिन लवकर उकळतं, म्हणून जुनी गाडी घेतली की नवी कॅप आणि नवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) टाकून मोकळं व्हावं. आणि कोणी थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितलं तर ऐकू नका. तो काढला की पहाटेच्या थंड गाडीला गरम व्हायला फार वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, आणि तुमचा धूर वाढतो. नळाचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. मुंबईत पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंजही अडवतं.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर काढून गाडी चालवायची नाही, पण नवा फिल्टर टाकून बघायला काय जातं? मग टर्बोपासून (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) इंजिनपर्यंतचे रबरी होज बोटांनी चाचपा. चिरलेल्या होजच्या तोंडाशी तेलकट काळा डाग असतो. इथवर काम तुमचं. याने फरक नाही पडला तर नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढून पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर द्या. पंपाचं सील तोडून कोणाला डिझेल वाढवू किंवा कमी करू देऊ नका. धूर निळा असता तर ऑइल जळतंय आणि पांढरा, गोडसर वासाचा असता तर कूलंट आत जातंय, एवढं लक्षात ठेवा.

उजेडावर थोडं थांबतो, कारण इथे तुमचे पैसे वाचू शकतात. पिवळा उजेड बहुतेक वेळा बल्बमुळे नसतो. बॅटरी ते स्विच ते बल्ब ही वायर 2009 पासून मिठाच्या हवेत आहे. तिच्या प्रत्येक जोडात थोडं-थोडं व्होल्टेज गळतं. साधा मल्टीमीटर घ्या. हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या सॉकेटवर मोजा. बॅटरीवर साडेबारा आणि बल्बवर साडेदहा आले, तर वाटेत दोन व्होल्ट गेले. ऐकायला कमी वाटतं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने पडतो, दोन व्होल्ट गेले की तो जवळजवळ निम्म्यावर येतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 यायला हवेत. तेवढे येत नसतील तर आधी अल्टरनेटर बघा.

उपाय असा. बॅटरीच्या प्लसवरून 20 अँपिअरचा फ्यूज घेऊन अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) 30 नंबरला द्या, 87 नंबरवरून बल्बकडे. जुनी हेडलाइटची वायर आता फक्त रिले चालवेल: 85 आणि 86, एकीकडे ती जुनी वायर, दुसरीकडे अर्थ. लो बीमला एक रिले, हाय बीमला एक. 60 वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण 10 अँपिअर घेतात, ते आता स्विचमधून जाणार नाहीत. बल्बची अर्थिंग नव्याने थेट बॅटरीच्या मायनसवर आणा, आणि इंजिन ते चेसी जी जाड अर्थ पट्टी असते ती काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवा. सेल्फ कधीकधी नुसता टकटक करतो ना, तेही याने थांबू शकतं. वायर, रिले, लग सगळं लोहार चाळीत एका फेरीत मिळेल. त्यानंतर कंपनीचाच 60/55 वॅटचा हॅलोजन लावून रात्री बघा. एलईडीचा विचार मनातून जाईल. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात स्वस्तातला एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो, आणि पहाटे चार वाजता दुचाकीवरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पाटे वाढवण्याबद्दल माझं स्पष्ट मत: नको. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ चेसीवर एक व्हॉल्व्ह असतो, दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुम्ही दोन पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. माल दीड टनाचा, मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. शिवाय क्षमतेपेक्षा जास्त वजन त्याच गंजलेल्या हँगरवर, त्याच बेअरिंगवर येतं. पाटे बसले असतील, उलटे वाकले असतील, तर मूळ मापाचे नवे घाला. आणि एक फेरी जास्त मारा.

चेकर्ड प्लेटचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये खारं पाणी आलं की दोघांची बॅटरी तयार होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, आणि प्लेटखाली कोंडलेल्या पाण्याने हौद्याचा पत्रा कुजतो. मासळीच्या हौद्याला फायबरचं अखंड अस्तर बरं, कडा वर वळवलेलं आणि पाण्याला एकच वाट ठेवलेलं. नाहीतर रोज उचलून धुता येईल असं सुटं रबर मॅट.

कायद्याचं थोडं. तुमची गाडी ट्रान्सपोर्टची, आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दर वर्षी. पंधरा वर्षांनंतर त्याची फीही बरीच वाढते. बीएस 3 (धुराच्या जुन्या निकषाच्या) गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या माहितीत फरक पडेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. हौद्याची उंची वाढवणं, चेसी लांबवणं यात येतं. इन्शुरन्सवालाही अपघातानंतर तेच शोधतो.

सोसायटीच्या आवारात काम करणार म्हणालात, म्हणून हे वाचून सोडून देऊ नका. गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी घोडी. लोखंडी घोडीची जोडी नागदेवीला मिळते, पहिला खर्च तिच्यावर करा, मग गोटी पाने आणि टॉर्क रेंचवर. पेव्हर ब्लॉक रचून त्यावर गाडी टेकवतात, ते मी डोळ्यांनी फुटताना पाहिलंय. वरून काही कळत नाही, एकदम बारीक आवाज होतो आणि ब्लॉकचे दोन तुकडे. त्या दिवशी खालचा माणूस नट आणायला दोन पावलं बाहेर आला होता, म्हणून वाचला. उलट्या बाजूच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा आणि एकटे असताना गाडीखाली जाऊ नका, घरचं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या.

सुट्या भागांमध्ये कुर्ल्याचा जुना माल दरवाजा, काच, बंपर, आरसा, दिव्याचं घर यासाठी उत्तम. ब्रेकचं, स्टिअरिंगचं काहीही जुनं घेऊ नका, आणि ऑपेरा हाउसला नवं घेताना बिल मागा. बिल द्यायला कुरकुरणाऱ्याचा होज माझ्या गाडीला मी लावत नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर महिनाभर माझ्याकडे जी इंजिनं आली त्यांतली बरीचशी पाण्याने गेली नव्हती, पाणी ओसरल्यावर सेल्फ मारल्याने गेली होती. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हिंदमाताला किंवा मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यात अडकलात आणि इंजिन बंद पडलं, तर किल्लीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा. पाणी हबच्या वर गेलं असेल तर गियरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं ऑइल थोडं काढून बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर लगेच बदला. चाकांची बेअरिंगही उघडून ग्रीस नवं भरावं लागेल.

माझ्या हिशोबाने क्रम असा धरा: चेसी आणि ब्रेक पाइपाची तपासणी, मग ब्रेक जाणकाराकडून, मग फॅन, कॅप, थर्मोस्टॅट आणि कूलंट तुम्ही, मग अर्थिंग आणि रिले तुम्ही, मग एअर फिल्टर आणि होज. गंजाचं रंगकाम पाऊस संपल्यावर. ब्रेकच्या आधी गाडीत माल भरू नका, निदान डावीकडे ओढण्याचं कारण सापडेपर्यंत तरी.

सोमवारी हातोडी फिरवलीत की मला तीन गोष्टी कळवा: हँगरपाशी आवाज कसा आला, मागच्या ब्रेक पाइपाच्या क्लिपेखाली काय दिसलं, आणि गरम इंजिनवर फॅन किती फेऱ्या फिरला. खडूच्या गोलांचे फोटो जवळून आणि लांबून असे दोन्ही काढा, म्हणजे ते पाट्यापासून किती दूर आहेत ते मला दिसेल.